आधी गल्ली, मग घर

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शाखेच्या दारात पोचले तेव्हा एक जाडजूड माणूस पायरीवर वाकून लोकांच्या चपला गोळा करत होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि दोन्ही हातांत धुळीनं माखलेल्या चपला. मला वाटलं, शिपाई पायरी झाडून घेतोय. तो आत गेला, बाकाच्या कडेला अंग चोरून बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायांशी त्याच्या चपला ठेवल्या आणि अख्ख्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, एस्टीत चढताना काढतासा व्हय चपला? मग हितंच का? घाला पायात. हे देऊळ न्हाय, दुकान हाय."

मग माझ्याकडे वळून, "आन तुमी कोण पावणं?"

मी नेमणुकीचं पत्र पुढे केलं. ते माझे मॅनेजर होते.

मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घरातली माणसंही मोजकं बोलणारी. कोल्हापुरात जन्मून मोठ्यानं बोलता न येणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. रिक्षावाल्यानं दोनदा "काय?" म्हटलं की मी चालत जाते. अशा मुलीला कळंब्याकडच्या त्या शाखेत, त्या आवाजाच्या माणसाच्या हाताखाली टाकलं होतं.

सर गडहिंग्लजच्या बाजूचे. घरात निम्मं कानडी. वयानं मोठ्या बाईला अक्का, पुरुषाला अण्णा, आणि मला तंगी. बँकेत बसून कुणी आपल्याला तंगी म्हणावं, हे मला आठवडाभर टोचलं. मग कॅशियरनं सांगितलं, कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. त्यानंतर मला ते आवडायला लागलं. तसं मी दाखवलं नाही.

त्यांच्या केबिनला दार नव्हतं. म्हणजे होतं, पण शाखेत बदलून आल्या आल्या त्यांनी ते बिजागऱ्यांतून काढून मागच्या अडगळीच्या खोलीत उभं करून ठेवलं होतं. "दार ढकलायचं म्हटलं की निम्मी माणसं बाहेरच्या बाहेर परत जात्यात," असं त्यांचं म्हणणं. दर वर्षी ऑडिटर केबिनला दार नसल्याचा शेरा मारत आणि दर वर्षी सर उत्तर पाठवत, दुरुस्तीस दिले आहे. दार नाही म्हणून एसी लावता यायचा नाही. मे महिन्यात ते घामानं निथळत बसायचे आणि पंख्याखालची खुर्ची समोरच्याला द्यायचे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आलेल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात दार बसवून घेतलं. मॅडम वाईट नाहीत. एसीही छान चालतो.

कर्ज मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा रडगाण्यानं सुरुवात करतो. घरात आजारपण, मुलीचं लग्न, नशीब कसं फुटकं. सर त्याला पहिल्याच वाक्याला अडवायचे. "अडचण नको सांगू. अडचणीला आमी कर्ज देत न्हाय, धंद्याला देतो. धंदा सांग." माणूस गडबडायचा. पण एकदा धंद्याबद्दल बोलायला लागला की त्याची पाठ हळूहळू सरळ व्हायची. हे मी माझ्या टेबलावरून रोज बघायची. आणि मग सरांनाच थांबवावं लागायचं. पावसात पंक्चरचं सोल्यूशन वाळतं कसं, कुकरची शिट्टी बसवणारा दिवसाला किती गल्ल्या फिरतो, म्हशीच्या शेणी विकताना थापतानाची बोटं का दिसली पाहिजेत, असलं काय काय विचारत बसायचे. बाहेर रांग लागलेली असायची. एकदा मी धीर करून तसं सांगितलं तर म्हणाले, "त्यांना बी आत बोलाव की. ऐकू देत."

सुरुवातीला मी एका चहाच्या गाड्यावाल्याच्या अर्जावर 'नॉट फीजिबल' असं लिहून पुढं पाठवलं होतं. सरांनी मला बोलावलं.

"इंग्रजीत लय सोपं जातंय न्हाय? दोन शब्दांत माणूस खलास. त्यो बाहेर बसलाय. का न्हाय ते त्याला मराठीत सांगून ये."

मी बाहेर गेले. त्याच्यासमोर उभं राहून वाक्य जुळवायला लागले. तुमच्या नावावर आजवर कुठलंच कर्ज नाही, म्हणून कंप्युटर तुम्हाला गुण देत नाही, आणि गुण नाहीत म्हणून कर्ज नाही. म्हणजे ज्याला आजवर कुणी दिलं नाही, त्याला इथून पुढंही कुणी द्यायचं नाही. हे मराठीत इतकं वेड्यासारखं वाटायला लागलं की माझ्या तोंडून निघालंच नाही. "चहात आलं घालता की वेलदोडा?" असं काहीतरी विचारून मी परत आले. सर खूष होते. "न्हाय जमलं न्हवं? जमायचं न्हाय ते."

मग कंप्युटर ज्याच्याबद्दल गप्प बसतो, त्याच्याबद्दल विचारायचं कुणाला? सरांच्या मते गल्लीला. आधी गल्ली, मग घर, हा त्यांचा नियम. अर्जदाराच्या घरी जायचं ते सगळ्यात शेवटी. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि दारादारांत उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, "त्यांच्याकडं गेलेली वाटी परत येती का?"

शेजारून भाजीची, खिरीची वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत. चिमूटभर साखर तरी घालायची. सरांच्या मते कुठल्याही माणसाची पत त्या वाटीवरून कळते. परत येते का, किती दिवसांनी येते, आणि येताना काय घेऊन येते.

एकदा गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या एका गृहस्थांची चौकशी करायला गेलो होतो. शेजारीण म्हणाली, "वाटीचं सोडा ओ, आमच्या कुकरचं झाकण दिवाळीपास्नं तिकडं हाय." सरांनी अर्ज नाकारला. गृहस्थांनी कुणा पुढाऱ्याकडून फोन लावला. सर फोनवर एवढंच म्हणाले, "पहिल्यांदा झाकण परत द्या म्हणावं." झाकण त्याच दिवशी परत गेलं. कर्ज नाही मिळालं.

त्यांचा अंदाज चुकायचाही. रसवंती काढायला कर्ज घेतलेला एक जण पहिल्याच उन्हाळ्यात गाडा विकून बसला. दर शनिवारी सर त्याच्याकडे वसुलीला म्हणून जायचे आणि चहा पिऊन यायचे. "वाट्या तर परत करत हुता की ओ," असं आम्हाला सांगायचे. त्यांना ते खरोखरच लागलं होतं.

अशी काही कर्जं थकल्यावर विभागीय कार्यालयानं आम्हाला वेसण घातली. ज्याच्या नावावर आधीचं कर्ज नाही, त्याच्या जागेची पाहणी यापुढं त्यांच्या अधिकाऱ्यासमोरच व्हायची, आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

त्यात पहिला नंबर लागला मालनबाईंचा.

मालनबाई खानावळींना ज्वारीच्या भाकरी करून द्यायच्या. घरच्या चुलीवर, सासूला हाताशी घेऊन. येत्या जूनपासून एका मुलींच्या वसतिगृहानं दोन्ही वेळच्या भाकरी मागितल्या होत्या. चुलीवर तेवढ्या होणं शक्य नव्हतं. गॅसची भट्टी हवी होती, पीठ मळायचं यंत्र हवं होतं, पुढची खोली भाड्यानं घ्यायची होती. आमच्याकडून नकार आला तर एक खाजगी फायनान्सवाला कागद तयार ठेवून बसला होता. दर आठवड्याला हप्ता, आणि व्याज असं की भाकरी त्यांनी भाजायची आणि खायची त्यानं. "तुमी न्हाय म्हणला तर सोमवारी तिथं सही," असं त्या मला सांगून गेल्या होत्या. विनवणी नव्हती त्यात. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

विभागीय कार्यालयाचे साहेब सकाळीच आले. तरुण होते, सभ्य होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. संध्याकाळी परत जायचं होतं. मालनबाई खानावळींना भाकरी पोचवायला गेल्या होत्या, तासाभरात येणार होत्या. सर म्हणाले, "चालंल. तंवर गल्ली बघू."

गल्लीच्या तोंडाशी सरांनी पहिल्याच दारात आपल्या आवाजात प्रश्न टाकला. "अक्का, आमी बँकेतनं आलोय. मालनबाईकडं गेलेली भांडी..."

एवढंच पुरलं. बाकीचं वाक्य बहुतेक कुणी ऐकलंच नाही.

बँक, फाईल, भांडी. वर साहेब मोबाईलवर फोटो काढत होते. सहा महिन्यांपूर्वी त्याच गल्लीतून कुठल्याशा फायनान्सवाल्यांनी एकीचं शिलाई मशीन उचलून नेलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की एक पोरगी आमच्या पुढून पळत गेली आणि पुढची दारं धडाधड लागायला लागली.

दुसऱ्या दारातला म्हातारा म्हणाला, "मालन? कोण मालन?"

"भाकरीवाली ओ."

"भाकरी? ह्या गल्लीत समदी भातच खात्यात."

तिसऱ्या दारात तेच. चौथ्या दारात एक बाई म्हणाली, "आमी कुणाला वाटी देत न्हाय आन कुणाची घेत न्हाय. आमचं कुणाशी बोलणंच न्हाय." ती हे बोलत असताना मागच्या दारानं कुणीतरी काहीतरी जड आत आणत होतं आणि हळू आण, हळू आण, असं कुजबुजत होतं.

सरांचा चेहरा पडत चालला. इतक्या वर्षांत अख्ख्या गल्लीनं एखाद्या माणसाला ओळखच नाकारली, असं कधी झालं नव्हतं. साहेब लिहीत होते.

शेवटी घरी पोचलो. सासूबाई दारात बसल्या होत्या. आत फळी होती, फळीवर काही नव्हतं. परात नाही, तवा नाही, पिठाचा डबा नाही. फळीवरच्या धुळीत डब्यांचे गोल मात्र अगदी स्वच्छ उमटले होते.

"बघा की साहेब," सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात काय बी न्हाय. एक भांडं असंल तर शपथ. तुमाला चा सुदीक करून देता येत न्हाय."

त्यांच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

साहेबांनी फाईल मिटली. "सर, इथं व्यवसाय दिसत नाही. मी काय लिहू?"

सर त्या रिकाम्या फळीकडे बघत राहिले. मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होते. गल्लीवर त्यांचा विश्वास होता आणि गल्ली म्हणत होती, ही बाई नाहीच.

ऊन रणरणत होतं. शेजारच्या घरातून एक दणकट काकी बाहेर आल्या. शत्रू असला तरी उन्हाचं पाणी विचारायचं असतं, त्यामुळे हातात तांब्या होता. "घ्या, बाई," म्हणून माझ्याच हातात दिला. मी प्यायला वर केला तर गळ्याशी अक्षरं कोरलेली दिसली. कोरलेलं मराठी मला सावकाश वाचावं लागतं. वाचलं. चि. सौ. कां. मालन हिस मामांकडून सप्रेम भेट.

मी आणखी एकदा वाचलं. मग त्या काकींच्या दारातून आत नजर टाकली. आत एकावर एक रचलेले पिठाचे डबे होते आणि त्यांच्यावर घाईघाईनं चादर टाकलेली होती.

हे सरांच्या कानात सांगायला हवं होतं, पण सर लांब उभे होते आणि साहेब गाडीकडे निघाले होते. तेव्हा मी, काय झालं कोण जाणे, होते तिथूनच बोलले. बोलले म्हणजे जवळजवळ ओरडलेच.

"काकी, आम्ही जप्तीला नाही आलो! कर्ज द्यायला आलोय!"

साहेब थांबले. गल्ली थांबली. काकींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"समदी असंच म्हणत्यात," त्या म्हणाल्या.

"हा तांब्या मालनबाईंचा आहे. त्यांच्या मामांनी दिलाय."

"मग? त्यो माझाबी मामा हाय."

सरांच्या पोटातून पहिल्यांदा एक बारीक आवाज आला. मग त्यांनी डोक्याला हात लावला आणि भिंतीला टेकून हसायला लागले. तेवढ्यात मोपेडवर भाकरींची रिकामी बुट्टी बांधून मालनबाई आल्या. दाराशी आम्ही, आत मोकळं घर. आम्हाला त्यांनी बघितलंही नाही.

"आत्ती, माझी परात कुठाय? वसतिगृहाच्या बाई चव बघायला येणार हायत आन तुमी बसलाय काय?"

सासूबाईंनी गल्लीकडे बघितलं. गल्लीनं काकींकडे. काकी म्हणाल्या, "द्या गं समदं."

मग जी वरात निघाली ती मी विसरणार नाही. एका घरातून पीठ मळायची काटवट आली, एकातून तवा, एका गोठ्यातून वैरणीखाली दडवलेली परात. भात खाणाऱ्या म्हाताऱ्यानं स्वतः ज्वारीचं पोतं खांद्यावर आणलं. घाईत दोघी आपलीच भांडी घेऊन आल्या आणि "ह्यो तवा माझा", "तुजा घरात हाय, ह्यो तिचा" असं भांडण लागलं ते वेगळंच.

साहेब मात्र हसत नव्हते. आणि ते बरोबरच होतं. "सर, आधी काहीच नव्हतं. आता सगळ्यांनी मिळून आणलं. हे तिचंच कशावरून?"

सर उत्तर देणार, इतक्यात मालनबाई म्हणाल्या, "साहेब, जरा कडंला बसा. माजी येळ झालीया."

त्यांनी चूल पेटवली, पीठ घेतलं, आणि आम्हाला विसरून गेल्या. सासूबाई उंडे करून देत होत्या, मालनबाई थापत होत्या, तव्यावरची उलटत होत्या, आधीची निखाऱ्यावर टेकवत होत्या. एकीची हालचाल थांबायच्या आत दुसरीची सुरू. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. साहेब कट्ट्यावर बसून बघत राहिले. गाडीवाला हॉर्न वाजवून थकला. बऱ्याच वेळानं साहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"चुलीच्या चवीसाठी लोक तुमच्याकडं येतात. भट्टी आल्यावर चव बदलली तर?"

मालनबाईंचा हात पहिल्यांदा थांबला.

"बदलणारच की. म्हणून चूल मोडणार न्हाय. खानावळीला चुलीची, वसतिगृहाला भट्टीची. पोरींना गरम पायजे, धुरकट नको. मी इचारून आलीया."

साहेबांनी फाईल उघडली. आधीचं पान काढून घडी करून खिशात घातलं आणि नवीन पानावर लिहायला लागले. गाडीत बसताना सरांना एवढंच म्हणाले, "तुमची पद्धत अवघड आहे, सर."

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "तंगी, ज्याच्यासाठी अख्खी गल्ली एवढं धादांत खोटं बोलती, त्याला कर्ज न्हाय द्यायचं तर द्यायचं कुणाला?" थोड्या वेळानं, "आन तुजा आवाज चांगला हाय की. कुठं ठेवला हुतास?"

कर्ज मंजूर झालं. सह्या करायला मालनबाई आल्या तेव्हा बरोबर काकीही होत्या, पदर खोचून, साक्षीला आल्यासारख्या. मालनबाईंनी एकेक कलम माझ्याकडून वाचून घेतलं. हप्ता पाच तारखेला आहे म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "खानावळवालं दहाला पैसं देत्यात. धा करा, न्हायतर सही न्हाय." सर आनंदानं लाल झाले. तारीख बदलून घ्यायला मला वरच्या कार्यालयात चार फोन करावे लागले. ते मी केले. मग सह्या झाल्या.

जाता जाता काकी दार नसलेल्या केबिनच्या चौकटीत थांबल्या.

"साहेब, एक सांगून ठेवते. हप्ता चुकला तर गल्लीत यायचं न्हाय. आदी मला फोन करायचा."

"तुमी भरणार व्हय, अक्का?"

"भरीन, न्हायतर भांडी लपवीन. त्या वक्ताला काय सुचंल ते."

सर इतके हसले की कॅशियर पैसे मोजायचा थांबला. काकींचा नंबर मी माझ्या मोबाईलमध्ये घेतला आणि माझा त्यांना दिला.

त्यांना फोन करायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. त्याच करतात. दर महिन्याच्या दहा तारखेला, बँक उघडायच्या आधी. "आला का गं हप्ता?"

खातेदाराची माहिती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असा बँकेचा नियम आहे आणि मी तो पाळते. मी एवढंच सांगते, "काकी, भांडी आहेत तिथंच असू द्या."